चौरस आहार

मोजणी खात्यात चौदा वर्षं
मी लोकांच्या भाटांच्या हद्दी मोजल्या.
बांध, माड, पडकी गडगी,
सगळं चौरस मीटरमध्ये बसवून खाली सही.
आता पलंग ते चूल अठरा पावलं आहेत
आणि ती रोज सारखी भरत नाहीत.

डॉक्टर कुंकळ्येकरांनी सहा वेळा रक्त तपासलं.
सहाही वेळा उत्तम.
सातव्या खेपेस चष्मा काढून
त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, हळूच,
जशी एखाद्या घराची वाट सांगावी
जिथं आपण स्वतः कधी गेलो नाही.

मग दिवाडीच्या फेरीबोटीनं सल्ले आले.
नणंद म्हणाली भात सोड, काका म्हणाले मासळी सोड,
ऑफिसातल्या शेट्येंनी गव्हावर संशय घेतला,
साखरेवर तर सगळ्यांचाच होता.
पलीकडच्या अंगणातली आंतोनेत काही सोड म्हणाली नाही.
बुडकुल्यात पेज आणली, वर लोणच्याची एक फोड,
"मात्शें खा गो," म्हणाली
आणि बसली नाही.
ऐकायलाही बळ लागतं, हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

मी सोडत गेले. तीन महिने गहू, दोन महिने दूध.
चहा सोडला तो आठवडा मला आठवतच नाही.
जुन्या फील्डबुकात डावीकडे काय खाल्लं,
उजवीकडे काय झालं.
पण हा आजार बिल उशिरा पाठवतो.
सोमवारी केस धुतले, बुधवारी पाय उचलेनात,
आणि मधल्या मंगळवारच्या बिचाऱ्या भेंडीवर
मी लाल शाईनं फुली मारली.

चावणं हेही काम असतं.
पोदेराचा भोंपू वाजतो, तोंडाला पाणी सुटतं,
आणि पोयचं कडक साल जबड्याला डोंगर होतं.
ताजं, सकस, घरचं म्हणतात
ते कुणाच्या तरी दंडातून येतं.

मैथिलीनं शाळेसाठी तक्ता केला: चौरस आहार.
पट्टी लावून खाने आखले, डाळी, फळं, अंडी.
"आई, ह्यातलं तुझं कुठलं?"
सवयीनं मी आधी कोन बघितले.
"डावी बाजू दोन मिलिमीटर कमी आहे," म्हणाले.

शिगम्यानंतरचा एक दिवस बरा उगवला.
बऱ्या दिवसाची मला भीती वाटते, तो उधार देतो.
तरी आदोळीवर बसले. एक कवड झाली.
पांढरा चव पडत होता,
ठेचलेल्या तिरफळांचा वास बोटांना,
मी पुन्हा कुणीतरी होते.
दुसऱ्या कवडीच्या मध्यावर हात थांबला.
दुखला नाही. विझला.
तिथंच लाल सिमेंटवर आडवी झाले,
गाल गार, डोळ्यांसमोर फळीखालची धूळ
आणि गेल्या वर्षी हरवलेलं बरणीचं झाकण.

उल्हास संध्याकाळच्या बोटीनं आला, पिशवीत बांगडे.
त्यानं मला उचललं नाही, तेवढं तो शिकलाय.
डोक्याखाली उशी सरकवली
आणि जन्मात पहिल्यांदा आदोळीवर बसला.
हुमणात करवंटीचे कण होते, मीठ जास्त.
मी कुशीवर पडून सहा घास खाल्ले.

"बरं वाटलं?" मैथिलीनं विचारलं.
"चव लागली."
ह्या दोन्हींच्या मध्ये एक हद्द आहे.
एरवी दगड रोवून दाखवली असती.

फील्डबुकात डावीकडे लिहिलं: बांगडा, पेज, करवंटी.
उजवा रकाना कोरा,
बुधवारपर्यंत.