बेचाळीस ते सदुसष्ट

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
माझ्या वाट्याचे आकडे तपासायला मी निघते.
बेचाळीस ते सदुसष्ट.
हॉलंडच्या या पूर्वेच्या कोपऱ्यात
सायकलवाटांना नावं नाहीत, आकडे आहेत,
पांढऱ्या पाटीवर, हिरव्या वर्तुळात,
आणि खाली एक बाण.
पिशवीत दहाचा पाना, साबणाचं पाणी, जुन्या बनियनचं फडकं.
शेवाळ पुसायचं, नट आवळायचे, वहीत खूण करायची.
पगार नाही. वर्षअखेरीस एक केक मिळतो,
तोही बदामाचा, जो मला चालत नाही.

बेचाळीसपासून दुतर्फा बीचची झाडं,
कुण्या बॅरनने लावलेली,
त्याच्या घोडागाडीला सावली हवी म्हणून.
आता त्या सावलीतून बॅटरीच्या सायकली सूं करत जातात,
वर हेल्मेटवाली म्हातारी जोडपी,
घंटी न वाजवता.

इथे जमीन कुणाची ते विचारावं लागत नाही.
खिडक्यांच्या झडपा बघायच्या.
पिवळं-काळं म्हणजे एल्सकाम्पची कुळं,
लाल-पांढरं म्हणजे रूवेनहॉर्स्टची.
आमच्या लाल-पांढऱ्या.
रंगाचा डबा मोठ्या घरून फुकट यायचा,
खंड मात्र रोख.
बाप ब्रश धुताना म्हणायचा,
आपल्या पापण्यासुद्धा त्यांच्याच रंगाच्या.
म्हणायचा,
आणि कडेची रेघ मात्र जीव लावून सरळ मारायचा.

मोठ्या घरात आता लोक लग्नं लावतात, तासावर.
खंदकातली बदकं तशीच उद्धट.
बॅरनची नात तिकीटखिडकीत बसते.
ती मला तिकीट मागत नाही,
मी तिची पाटी दोनदा पुसते.

पंचावन्नला वेसेलचा द्राक्षमळा.
साठ गायी होत्या, एका नोव्हेंबरात विकल्या
आणि त्या वाळूत वेली लावल्या.
गाव म्हणालं, याला चळ लागलाय.
दुधाची टाकी होती तिथे आता वाइन मुरते.
बाहेरगावचे लोक पेला नाकाशी धरून
चेरी म्हणतात, ओक म्हणतात.
पाऊस असला की भिंती म्हणतात, गाय.
वेसेल हसतो.
पण अजून पहाटे पाचला उठतो,
वेलींची धार काढता येत नाही, तरी.

एकसष्टचा बाण
मेपासून तिसऱ्यांदा फिरलेला.
खरं तर सरळ, ओढ्यावरच्या पुलाकडे.
हा दाखवतोय डावीकडे,
जिथे रस्ता बेरेन्डिनाच्या अंगणात शिरतो
आणि संपतो.
आधी वाटलं, पोरं.
मग वाटलं, वेसेल, गिऱ्हाइकासाठी.
पण मळा तर मागे राहिला.
पाना लावायला वाकले तर नटाच्या कडेला रंग,
ओलसर, पिवळा.

मी डावीकडे वळले.
बेरेन्डिना, वय एकोणनव्वद, झडप रंगवत होती,
शिडीच्या पहिल्याच पायरीवरून,
हात पोचेल तेवढीच.
वरची निम्मी झडप फिकट, जुनी.
बाकावर आठ पेले पालथे,
एक किटली, नाशपातींची टोपली, किंमत न लिहिलेली.
"चुकलीस?"
"चुकले."
"सगळेच चुकतात," ती म्हणाली.
"गुरुवारी बेल्जियमचे चौघे चुकले.
एकाचं पियानोचं दुकान आहे. तिसऱ्याला मधुमेह,
त्याला मी बिनसाखरेचा दिला."
पक्कड टोपलीत नाशपातींखाली होती.
दोघींनाही दिसत होती.
वरची निम्मी झडप मी रंगवली.
कडेची रेघ बापासारखी आली नाही.

परतताना एकसष्टला थांबले. पाना काढला.
नियम असा की बाण सरळ, नट घट्ट.
शेवाळ पुसलं. आकडा लखलखीत केला.
वहीत लिहिलं:
एकसष्ट, नट झिजलाय, नवा मागवावा,
पुढच्या महिन्यात बघू.
पुढच्या महिन्यानंतर तसंही इथे कुणी फिरकत नाही.

मग बासष्ट, एका हाताने,
दुसऱ्या हातात नाशपाती.
रस मनगटापर्यंत आला.
सदुसष्टपर्यंत हँडल चिकटच होतं.