पत्ता

रिक्षा दहीपुलापाशीच सोड, विभा.
पुढे तो येणार नाही,
आला तरी वळणार नाही,
आणि वळलाच तर मागून येणारा हातगाडीवाला
तुला माझी पाहुणी म्हणून ओळखेल
आणि मग संध्याकाळी मला ऐकवेल.

तिथून चालत ये. मोजलंय मी,
दोनशे चौदा पावलं. तुझी थोडी कमी भरतील.
उजवीकडे दोर-सुतळीचं दुकान लागेल.
मुर्तुझाभाईंना काही विचारू नकोस,
तेच विचारतील, 'वडक्यांकडे, की नव्या बाईंकडे?'
नवी बाई म्हणजे मी.
अकरा वर्षं झाली.

मग ठोके ऐकू येतील, तांब्यावरचे.
पूर्वी म्हणे गल्लीत साठ हातोडे पडायचे.
आता दोन. शरद वडके आणि त्यांचा भाचा.
दोन ठोक्यांच्या मध्ये जी जागा राहते
ती चपलांनी भरते.

चौकात आलीस की जरा थांब.
तुझ्या पायाखाली रहाड आहे:
दगडी हौद, त्यावर फळ्या, त्यावर माती,
मातीवर कुणाची तरी स्कूटर.
रंगपंचमीला उघडतात.
एरवी वर्षभर
आम्ही त्या झाकलेल्या रंगावरून भाजी आणतो.

घर ओळखायचं ते तुळईवरून.
चार पोपट आहेत, सागवानी. चौथ्याला चोच नाही.
जुन्या घरांची पाहणी करायला एक मुलगी आली होती,
तिने कागदावर लिहिलं, 'स्थिती : बरी.'
मालक म्हणाले, 'माझ्याबद्दल लिहिलं का हो?'

तू म्हणशील, गंगापूर रोडला लिफ्ट होती.
होती.
तिथे दूध संपलं की गाडी काढायचे.
इथे दूध संपलं की जिना उतरते
आणि अर्ध्या तासाने वर येते,
दूध विसरून.

जिन्याचं मात्र खरं आहे तुझं.
उभा, काळोखा, दोर धरून उतरायचा.
फ्रिज खिडकीतून ओढून घेतला होता,
अख्खी गल्ली खाली माना वर करून,
जो तो सांगतोय, डावीकडे, डावीकडे.

मागच्या मार्गशीर्षात शरदरावांच्या छातीत कळ आली.
ते आमच्या वरच्या मजल्यावर.
ॲम्ब्युलन्स रविवार कारंजापर्यंत आली आणि अडकली.
माझी वेताची खुर्ची नेली वर,
त्यांना बसवलं, बांधलं.
मुर्तुझाभाईंनी दोर कापून दिला, न मोजता.
दोर न मोजता कापणारे मुर्तुझाभाई
मी तेवढे एकदाच पाहिले.
चौघे उलटे उतरले, एकेक पायरी पायाने चाचपत,
आणि गल्लीत येताच आणखी खांदे लागले,
मिठाईवाला हातातली झारी तशीच घेऊन पळत होता,
पाक ठिबकत होता फरशीवर.

वाचले.

नंतर मी मालकांना म्हटलं, जिना रुंद करा.
ते म्हणाले, परवानगी लागते, तुळई हलते,
आणि बघा ना, रुंद असता
तर एवढी माणसं कशाला धावली असती?
मला नाही पटलं.
अजूनही नाही पटत. माणसं धावतात म्हणून
जिना उभाच ठेवायचा, हे कसलं जतन?
पण दोर नवा बांधून घेतलाय,
कठड्यालगत दिवा लावलाय,
आणि खुर्ची आता दारातच असते.
येणारा-जाणारा बसतो तिच्यावर,
शरदरावसुद्धा, ठोके थांबले की.

तर ये.
बेल आहे, पण वाजवू नकोस,
बेल वाजली की वाटतं मीटरवाला आलाय.
खाली उभी राहून हाक मार.
तीन खिडक्या उघडतील.
मधली माझी.
बाकीच्या दोघींनाही सांग,
कोण तू, कुठून आलीस, किती दिवस राहणार.