ऑइलपेंट आणि खडू

फाटकाजवळच्या पाटीवर
क्षमता मी ऑइलपेंटने लिहिली होती: एकशे दहा.
तिच्याखाली 'आजची संख्या'. ती जागा खडूची.
सकाळची गिनती झाली की
बागूल जमादार थुंकी लावून कालचा आकडा पुसायचा.
दोनशे तीस. दोनशे एक्केचाळीस.
पांझरेवरून वारा सुटला की
खडूतले दोन-चार जण उडून जायचे,
आत मात्र पाळीपाळीनेच झोपायचे.

त्या दिवसांत फौजदार वैतागून म्हणायचा,
"तुले कोठे कोंबू? जाय घर."
मोहाची दोन लिटर, नाहीतर केळीचे दोन घड,
एक कानाखाली, आणि सुटका.
जागा नव्हती.
गावात त्यालाच दया म्हणायचे.

मग नवी बराक आली.
इंजिनियरने फरशीवर चुन्याच्या रेघा मारल्या,
माणशी एवढी लांबी, एवढी रुंदी,
सरकी टोबायच्या आधी शेतात फुली पाडतात तशा.
उद्घाटनाला पेढे होते. मलाही मिळाला.
एकशे दहा खरवडून मी तीनशे लिहिलं.
पहिल्या रात्री कैदी पाय पसरून निजले;
सवय नव्हती, बऱ्याच जणांना झोप लागली नाही म्हणे.

पोळ्यापर्यंत गावात काहीच वाढलं नव्हतं.
चोर तेवढेच, दारू तेवढीच,
फौजदार मात्र आता वैतागत नव्हता.
"जागा शे," म्हणायचा, "बस गाडीमा."

शिरपूरकडच्या पाड्यावरचा वेस्ता पावरा
त्याच दोन लिटरचा.
जामीन पंधरा हजार.
आईने कोंबड्या मोजल्या, सात भरल्या.
तारखेला न्यायला गाडी नव्हती,
पुढच्या तारखेला साहेब रजेवर.

दिवाळीत खडूने ऑइलपेंटला गाठलं.
संक्रांतीला मागे टाकलं.

परवा जमादाराचा पुन्हा निरोप.
भिंतीपलीकडे तिसऱ्या बराकीचा पाया खणतायत.
"क्षमता नवी लिही, इब्राहिम," म्हणाला,
"आणि खडूच्या ओळीत डाव्या अंगाला
एक घर जास्तीचं सोड. चौथ्या आकड्याला."

सुतळी धरली, चौकट आखली,
काळा रंग भरला.
ब्रश रॉकेलमध्ये बुडवताना मागे वळून बघितलं:
ते रिकामं घर ओलं चकाकत होतं,
फाटकातून निळी गाडी उलटी आत येत होती,
आणि मागे उभा राहून शिपाई
पत्र्यावर थाप मारत ओरडत होता,
येऊ दे, येऊ दे,
अजून येऊ दे,
जागा शे.