सातवा गाळा

आदल्या रात्री कार्यकारी अभियंत्यांचा फोन :
उत्तरेकडच्या पहाडी राज्याच्या पाणीमंत्री येताहेत,
तुझी हिंदी बरी आहे, गाडीत तू बस.
माझी हिंदी बेळगावच्या मिलिटरी कँटीनमधली,
पण नाही म्हणायची पद्धत आमच्या खात्यात नाही.

सर्किट हाऊसवर फेटा झाला, नारळ झाला,
पडद्यावर बंधाऱ्याचा आडवा छेद दाखवून झाला.
देवकी नेगी, साठीच्या जरा अलीकडं,
पायात चामडी बूट, फेटा उतरवून मांडीवर,
कानाला फोन.

मी मोजत होतो, मोजणं हाच आमचा धंदा.
फुलेवाडी नाक्यापासून कोग्याच्या बंधाऱ्यापर्यंत
बाई सव्वीस वेळा म्हणाल्या : हो जाएगा.
मास्तराची बदली, हो जाएगा.
पाइप गोठून फुटला, हो जाएगा.
कुठल्याशा खोऱ्यातला पूल वाहून गेला
तेव्हा मात्र काहीच बोलल्या नाहीत.
बऱ्याच वेळानं विचारलं,
गुरं किती?

बंधाऱ्यावर हिंदुराव पोवार बरगे घालत होता.
ऑक्टोबरचा शेवट, पाणी निवळलेलं,
सहा गाळे भरलेले, सातव्यात तो छातीएवढा उभा.
मंत्री बघून त्यानं हात जोडले, वर काही आला नाही.
"वर आलो तर बरगा फिरतोय."
साहेबांचा चेहरा पडला.
बाईंनी बूट काढले आणि काठावर बसल्या.

लोखंडानं पाणी थांबतं का, त्यांनी विचारलं.
"न्हाई. लोखंड नुसतं हुबं ऱ्हातंय.
बरग्याच्या दोन वळी घालायच्या, मधी माती ठोकायची.
थांबवती ती माती."
आणि गळत नाही?
"गळतंय की. न गळणारा बंधारा कागदावर असतोय."
साहेबांकडं बघत मी हे जरा मवाळ करून सांगितलं,
पण बाई त्याआधीच हसल्या होत्या.
फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला.
लहानशा वहीत दोन शब्द लिहिले,
मला दिसले नाहीत.

जानेवारीत तीन सिंहांचं पत्र आलं, जाड कागदाचं.
मंत्री महोदयांना जाणून घ्यायचं आहे, माती कुठली?
नमुना पाठवावा, एक किलो.
खात्यानं त्यासाठी सहा सह्या मागितल्या.
सातवी होईपर्यंत हिंदुराव सायकलवरून घेऊनच आला,
गुळाच्या पिशवीत, ओढ्याच्या वळणावरची,
चिकट, काळपट, शेवाळाचा वास असलेली.
पोस्टातली मुलगी म्हणाली, आत काय लिहू?
मी म्हटलं, मंत्र्यांचं काम.
तिनं लिहिलं : माती.

एप्रिलात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी,
तिकडं फेरबदल, नेगीबाईंकडं पशुपालन.
मला तो पूल आठवला.
जूनच्या तोंडाशी पिशवी परत आली,
शिवण उसवून पुन्हा टाचलेली,
वर शिक्का : संबंधित या पदावर नाहीत.
वजन केलं. नऊशे वीस ग्रॅम.
ऐंशी ग्रॅम कुणी काढून घेतली
की वाटेत सांडली
की ती नुसती सुकली,
रजिस्टरात यासाठी रकाना नाही.

हिंदुराव म्हणाला, द्या हिकडं.
पावसाळाभर त्याच्या खोपीत खुंटीला होती,
या ऑक्टोबरात सातव्या गाळ्यात ठोकली.
परवा तपासणीला गेलो.
गळतंय थोडं.
खाली उतरून धारेत हात धरला,
पाणी गार लागलं, बाकीच्या गाळ्यांपेक्षा गार.
थंडीचे दिवस आहेत म्हणा.