चव बघणारा

सेंट सिरिलच्या तळघरात
फेब्रुवारी लागला की पहाटे साडेपाचला दिवे लागतात.
पेनसिल्व्हेनियातलं हे गाव, मागे काळ्या राखेचा डोंगर,
खाण बंद पडली त्याला दोन पिढ्या झाल्या.
पण छप्पर गळतं, बॉयलर खोकतो,
आणि त्यांची बिलं देवाच्या नावाने येत नाहीत.

म्हणून अंडी.
पीनट बटर, लोणी, पिठीसाखर
कोपरापर्यंत हात घालून मळायची,
तळहातावर वळून रात्रभर गारठ्यात ठेवायची,
सकाळी दोन दातांच्या काट्यावर उचलून
चॉकलेटमध्ये एक बुडी.
काटा काढताना वर थेंबाची शेपूट उरते,
तिला वळण द्यायचं:
नारळवाल्याला वेलांटीसारखं,
पीनट बटरवाल्याला नुसती आडवी रेघ.
न चावता कळावं, आत काय आहे.

अडचण एवढीच,
की हे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस,
आणि या बायकांनी उपवासात सोडलेलं असतं
नेमकं गोड.
ऑल्गा फेडोर्चाक बोट चाटत नाही, फडक्याला पुसते.
बर्निस तर तोंडाने श्वाससुद्धा घेत नाही,
असं तिची जाऊ म्हणते.
अकराशे डझन अंडी
आणि खोलीत एक मोकळी जीभ नाही.

डेल्बर्ट क्राउस बॉयलर दुरुस्तीला आला होता,
त्याला एकतीस वर्षं झाली.
'देवाशी माझं भांडण नाही,' म्हणाला, 'ओळखच नाही.'
लिओना हुडाकने त्याच्यासमोर बशी सरकवली.
तेव्हापासून दर घाण्याला तो पान्हा खाली ठेवायचा,
अर्धं अंडं तोंडात, डोळे मिटलेले,
मग एकच शब्द:
'मीठ.' किंवा 'साखर.' किंवा 'हं.'
'हं' झालं की काटे हलायचे.
वहीत प्रत्येक घाण्यापुढे रकाने होते:
तारीख, वजन, चव.
चवीच्या रकान्यात त्याची सही, तेलकट.

या जानेवारीत तो गेला.
पुरायला चर्चची जागा नको म्हणून ठेवलं होतं.
बायका तरी गेल्या, बर्फातून, सगळ्या.

आणि आज पहिला घाणा.
फादर म्हणाले, कणभर चाखायला हरकत नाही,
मी परवानगी देतो.
बायकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं
की ते छत्री शोधायला वर गेले.

हाताला चव असते म्हणतात.
लिओनाने गोळा बोटांत चिरडला, कानाशी नेला,
परत चिरडला.
एक्याऐंशी वर्षांचे हात, काही बोलेनात.
मग एप्रन सावरत ती बॉयलरमागे गेली,
दाब बघून येते, म्हणून.

दाब बघायला तिला येत नाही.
कोणी तसं म्हणालं नाही.
ऑल्गा ट्रे मोजत राहिली, मोजलेलेच.

'मीठ,' लिओना बाहेर येत म्हणाली.
'चिमूटभर कमी पडलंय.'

बर्निसने मीठ घातलं.
मग स्वतःच्या एप्रनचं टोक ओलं करून
लिओनाच्या ओठाचा कोपरा पुसला,
नातवाचा पुसावा तसा,
आणि वही उघडली.

तारीख. वजन, बावीस पौंड.
चवीच्या रकान्याशी पेन जरा थबकलं,
मग तिने नीट, ठळक लिहिलं:
डी. क्राउस.