नोंदणीकार

विंडसरच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर,
साक्षीदार नदीकडे पाठ करून बसतो.
मागे काचेत डेट्रॉइट,
पोहत गाठता येईल इतकीच अमेरिका.
नॉर्थबीमचे वकील सहा, केस्ट्रलचे सात.
मी एकटी. बावीस कळा.

माझ्या यंत्रावर अक्षरं सुटी येत नाहीत,
पेटीवर चार पट्ट्या एकदम दाबाव्यात
तसा अख्खा शब्द दाबायचा.
'चोरी'ला एक दाब. 'कथित चोरी'ला दोन,
आणि सकाळपासून चोरी एकटी आलेलीच नाही.

लिओनेल ड्रुइयार, वय एकसष्ट.
धंदा : बर्फ उडवायच्या यंत्रांची दुरुस्ती.
मागच्या खोलीतला धंदा : कार्डं.
नखाएवढी सोनेरी चकती, तिच्यात नॉर्थबीमचं कुलूप.
किल्ली त्याला टपालाने आली,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डब्यातून, निनावी.
"म्हणजे कुलूप तुम्ही फोडलं नाहीत?"
"साहेब, मला गिअरबॉक्स फोडता येतो."

नॉर्थबीम म्हणते, डबा केस्ट्रलच्या प्रयोगशाळेतून निघाला :
कुलूपवाल्यानेच शेजारच्या कुलपाच्या किल्ल्या गावभर वाटल्या,
मग दारात येऊन म्हणाला, आमचं घ्या, पक्कं आहे.
केस्ट्रल म्हणते, आक्षेप.
आम्ही फक्त उघडून पाहिलं, अभ्यास म्हणून.
चोरावर मोर म्हणावं तर
दोन्ही बाजूंना राखाडी सूट, पिसारा कुणाचाच दिसत नाही.

मग ती वही. निळी, तेलकट.
वकील नावं वाचतो, तो मान हलवतो.
"तोंडाने उत्तर द्या," मी सांगते. मान मला लिहिता येत नाही.
होय. होय. होय.
"दोनशे अकरा. ओस्टाप हलुश्का."
"होय. व्हॅनच्या कारखान्यातला. पैसे अर्धेच दिले,
उरलेल्याच्या काकड्या. मुरवलेल्या. फार चांगल्या."

बाबा.

माझं आडनाव आता वेगळं, कुणी वर पाहिलं नाही.
नियम म्हणतो, पक्षकाराशी नातं नको.
बाबा पक्षकार नव्हते. गिऱ्हाईक होते.

त्या रात्री तळघरात एकतीस माणसं,
सूपच्या वाडग्यात प्रत्येकी पाच डॉलर, बॉक्सिंगची लढत.
पहिली घंटा झाली
आणि वरून, कुठल्या तरी हजारो मैलांवरून, एक हुकूम आला :
इथपासून टेक्ससपर्यंतची सगळी कार्डं एकदम मेली.
बाबांनी कार्ड काढलं, सदऱ्याला पुसलं, परत घातलं.
मग वाडगा घेऊन एकेकाला पाच परत केले,
ज्याने दिलेच नव्हते त्यालाही.
रात्री छताकडे बघून म्हणाले,
हे माझ्या छपरातून जातं, माझ्या टाळक्यातून जातं,
दिवसरात्र, मला न विचारता,
आणि मी जरा थांबवून बघितलं तर चोर?
मी चौदा वर्षांची. खुर्च्या घडी करत होते.

"नोंदणीकार, शेवटचं वाक्य वाचा."
नियमाप्रमाणे, आवाजात काही न आणता, मी वाचते :
"मुरवलेल्या. फार चांगल्या."
तेरापैकी एक हसतो.
हसण्याची कळ नाही. ते नोंदीत नाही.

नोव्हेंबरात तडजोड झाली. आकडा गुप्त.
दोन वर्षांनी केस्ट्रलने नॉर्थबीम विकतच घेतली,
आणि साक्षी खोक्यांत सीलबंद.
माझं बिल : अकराशे चौदा पानं, पानामागे दर ठरलेला.
चारशे आठव्या पानावर हात अडला खरा.
लावलं.
बाबा असते तर आधी तेच विचारलं असतं :
त्या पानाचे सोडले नाहीस ना?