ट्रिमर

"एका हातात मावेल असं दाखव," म्हटलं.
अजमानच्या सनय्यात, मोईदूने
काचेवर तीन मांडली.
एक जड. एकाचा बेस हलतो.
तिसरं चालू केलं,
गांधीलमाशी कानाशी आल्यागत.

कोलेट पाव इंची.
बिट एकच घेतला, बेअरिंगवाला,
कडा गोल करणारा.
धूळ ओढायची नळी राहू दे,
पुढच्या पगाराला बघू.

अकरा वर्षं अरबाबच्या मशीनने
व्हिलांची दारं गुळगुळीत केली.
हे माझं.

जुम्म्याच्या दुपारी खोलीतच
पहिली कड धरली:
वरच्या पलंगाची फळी,
जिच्यावर राजबंशी रोज
कपाळ आपटून उठतो.
भुसा सगळ्यांच्या अंथरुणात.
शिव्या खाल्ल्या.

पहाटे तो उठला,
आणि अंधारात बोटांनी
चाचपत राहिला,
धार कुठे गेली.